बेडकाची कातडी, ताईचे हात

३ जानेवारी
ताईला जाऊन आज वर्ष झालं. रडत बसणं आपल्या स्वभावात नाही. संकल्प: मेच्या आत कोडावर इलाज शोधणे. भाचीला फोन करून पुन्हा शब्द दिला. तिच्याही ओठाजवळ आईसारखाच पांढरा डाग आहे. म्हटलं, “डॉक्टरच्या नादी लागू नकोस, मामा बसलाय ना!” बरं म्हणाली. गुणी पोरगी.

९ जानेवारी
थिअरी सोपी. रंगाच्या पेशी कातडीला घट्ट धरून राहिल्या, तर रंग टिकतो. पकड सुटली की डाग. लॅबमध्ये बेडकाच्या कातडीचे तुकडे काचेच्या डिशमध्ये, पोषक पाण्यात ठेवले. काळ्या पेशी बाहेर येऊन काचेला चिकटतील.

१४ जानेवारी
आल्या. चिकटल्या नाहीत. गोल होऊन तरंगतायत. काच खराब.

२ फेब्रुवारी, दुपारी
काच बदलली. तरंगतायत.
मान वर केली तर सिंकपाशी ताई. कोपरापर्यंत पांढरे हात घासून घासून धूत होती. शाळेत मुलं तिच्या हातांना हसायची म्हणून मी तिनं भरलेला डबा उघडायचोच नाही. डबा भरण्याआधी ती असे हात धुवायला लागली, ते नंतर. पण तिला काही कळलं नसणार.
जेवलो नव्हतो, म्हणून भास. उद्यापासून जेवण वेळेवर.

३ फेब्रुवारी
वेळेवर जेवलो. तरी आली.

१९ मार्च
टेक्निशियन बाई म्हणाल्या, “सर, दर दहा मिनिटांनी डिश काढून बघता. त्यांना जरा बसू तर द्या!” बाईंना संशोधनाची दृष्टी नाही. तरी पंधरा दिवस डिशचा इन्क्युबेटर कुलूपबंद. बाईंनीही उघडायचा नाही. किल्ली माझ्या खिशात.

३ एप्रिल
चिकटल्या! शंभर टक्के! डिश उलटी केली तरी एक हलत नाही. भाचीला उद्या बोलावलंय.

४ एप्रिल
भाचीसमोरच बाईंनी डिश उजेडात धरली. “सर, यातलं पाणी आटलंय. वाळून चिकटल्यात. मेल्यात सगळ्या.”
तांत्रिक अडचण, मी म्हटलं. मेऐवजी जून धरू.
भाचीनं मला खुर्चीत बसवलं. “मामा, रागावू नकोस. दीड वर्ष झालं, मी डॉक्टरकडे जातेय. आईच घेऊन गेली होती. म्हणाली, मामाला सांगू नकोस, आपल्यासाठी करतोय बिचारा.”
मग तिच्याकडे जवळून पाहिलं. डाग निम्म्याहून जास्त रंगानं भरलाय. कधी भरला, मला माहीत नाही.