बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

अमरावती, पौष महिना

माय, तुह्या पायावर डोकं ठेवतो.

मी बरा आहो. कापसाच्या बाजारात काम लय आहे. थंडी वाजे, म्हणून मी आन माह्या सोबत्यानं, अब्दुल सत्तारनं, मातीची शेगडी घडवली. कोयशाचा धूर नव्हता, म्हणून खोलीचं दार लावून शेकत बसलो. डोकं गरगरलं, सत्तार तर आडवाच झाला! त्याले वढत अंगणात नेलं. बऱ्याच वेळानं तो बोलला, "गोमाजी, विस्तवाले बी हवा लागते रे." आता भिंतीले झरोके पाडले. काळजी करू नको.

पण तुह्या सुनेच्या बाजेखाली शेगडी असन. बाळंतपणाले आलेली आत्याबाई "वारा लागते" म्हणून कितीबी रागावली, तरी खिडकी उघडी ठेव माय.

लेकरू कोणावर गेलं? मले त्याचं तोंड पाह्याचं आहे.

तुहा गोमाजी