गाळलेली ओळ

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ मार्च २०२५

ती. झुंबरमावशीस,
अनुजाचा ख्रिस्तप्रीतीने सलाम. वि. वि.

फोनवर तुला नुसतं हॅलो हॅलोच ऐकू येतं आणि मग तू शेजारच्या वर्षाराणीच्या हातात फोन देतेस, म्हणून हे पत्र. यातलं काही तिच्या तोंडून तुझ्यापर्यंत यावं असं मला वाटत नाही.

आईला गुरुवारी घरी आणलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की पोटातली गाठ आता काढण्यासारखी राहिली नाही, घरी न्या, दुखणं कमी राहील एवढं बघू. मी आत आले तेव्हा आई पलंगावर बसून केस विंचरत होती. काय म्हणाले म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, घरी जायची परवानगी दिली. त्यावर ती म्हणाली, मग डोळे कशाला पुसतेस, शाळा सुटल्यावर कोणी रडतं का! तीस वर्षं बालवाडी घेतलेली बाई, तिला दुसरं काय सुचणार.

आता खरं सांगायचं ते. रोज संध्याकाळी साडेसातला आमची घरची प्रार्थना होते. आईला बसवत नाही, म्हणून मीच मोठ्याने म्हणते. प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही ओळ आली की मी खोकते. खोकून पुढे रोजच्या भाकरीवर जाते. दवाखान्यातून आणल्यापासून रोज असंच चाललंय. त्याची इच्छा काय आहे ते मला डॉक्टरांनी सांगितलंय, मावशी. तसं होवो असं मी माझ्या तोंडाने कसं म्हणू?

काल चर्चच्या मंडळीतल्या बायका प्रार्थनेला आल्या होत्या. त्यांतल्या एकीने सांगितलं, की मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी आजार पळतो, पण घरात कोणी मन आखडून प्रार्थना करत असेल तर वरची वाट बंद होते. तिने डोळे मिटले होते. तरी मला वाटलं, ती माझ्याकडेच बघतेय. माझ्या एका ओळीमुळे आईची वाट बंद झाली असेल का? म्हटली तर भीती, न म्हटली तर पाप. झोप लागत नाही.

जोतीरामकाकांना सलाम. तुझ्या प्रार्थनेत आमची आठवण असू दे.

तुझी,
अनू


चंदगड
१५ मार्च २०२५

चि. अनूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले. रागावू नको.

चौथीत तुझी स्कॉलरशिपची परीक्षा होती, आठवतं का? ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ ही ओळ तू महिनाभर तोंड घट्ट मिटून गाळायचीस. आक्काने, तुझ्या आईने, कारण विचारलं, तर तू म्हणालीस, देवाने माझं ऐकलं आणि परीक्षाच रद्द केली, तर बाकीच्या पोरांचा अभ्यास फुकट जाईल! आक्काने मला ते पत्रातून कळवलं होतं. परीक्षा म्हणजे मोह, कसोटी, हे तिने तुला पाटीवर लिहून समजावलं, तरी तू परीक्षा होईपर्यंत ती ओळ म्हटलीच नाहीस. तेव्हापासून तू अशीच. देवाने आपला एक शब्द ऐकला तर जग पालथं होईल, असं तुला वाटतं.

त्या बाईला मोहरीचे दाणे निवडायला बसव जा. प्रभूला क्रूसावर जायच्या आदल्या रात्री त्या बागेत घाम फुटला होता तेव्हा त्यानेसुद्धा आधी म्हटलंच ना, की हा प्याला माझ्यापासून टळू दे? एकदा नव्हे, तीनदा. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे नंतरचं. तर तू पण आधी माग की. भांडून माग. आई पाहिजे म्हण. ते गाळून फक्त शेवटची ओळ म्हणायची असं कुठं लिहिलंय?

माझं म्हणशील तर यांच्या अंगावरून वारं गेल्याला आठ वर्षं झाली. हे चालावेत म्हणून रोज मागितलं. हे उठले नाहीत. पण पहाटे यांची कूस बदलायला मी उठते, ते कोणाच्या जोरावर उठते? माझे गुडघे तर केव्हाच गेले. मला तरी याहून मोठा पुरावा माहीत नाही.

ओले काजू सोलून पाठवतेय, एसटीने येतील. आक्काला आमटीचं नुसतं पाणी तरी दे. तिला म्हणावं, झुंबर येतेय.

तुझी,
मावशी


मंगळवार पेठ, कोल्हापूर
२८ मार्च २०२५

ती. मावशीस,
सप्रेम सलाम. वि. वि.

काजू मिळाले. आमटी केली. आईने तीन चमचे घेतली आणि म्हणाली, झुंबरीने अजून काजूचा चीक बोटांना लागू दिलाय वाटतं, हातमोजे घाल म्हणावं. मग तुझी वाट बघत दाराकडे तोंड करून झोपली.

तू सांगितलंस तसं भांडून मागितलं. मोरीचा नळ सोडून मागितलं, म्हणजे तिला ऐकू जाणार नाही. त्याने जरा हलकं वाटलं. पण साडेसात वाजले आणि ती ओळ आली की पुन्हा खोकला. रविवारी चर्चमध्ये सगळे उभे राहून म्हणत होते आणि माझेच ओठ बंद. पाळकसाहेब पुढे उभे होते, त्यांना दिसलं असेल.

शेजारच्या बायडाबाई रोज सकाळी आईची वेणी घालतात. त्या तर मला सरळ म्हणाल्या, तुला रोज त्याच वक्ताला खोकला येतोय व्हय गं, कफ हाय का काय हाय? भिंतीपलीकडे त्यांना ते पाठ झालंय. मी म्हटलं, धूळ आहे. त्या म्हणाल्या, धूळ न्हाय, तू कायतरी गिळतीस.

आई आता फक्त पेज घेते, तीही दोन घोट. लहानपणी तिने मला ही प्रार्थना चुलीपुढे शिकवली होती. एक भाकरी तव्यावर, एक ओळ तोंडात. भाकरी फुगेपर्यंत ओळ पाठ झाली पाहिजे. आता मी एकटीसाठी दोन भाकरी करते आणि दुसरी करपते.

लवकर ये. काकांची सोय लागली का? प्रार्थनेत असू दे.

तुझी,
अनू


चंदगड
३ एप्रिल २०२५

चि. अनूस,
अनेक आशीर्वाद.

पिशवी भरून ठेवली होती. काल यांना ताप भरला, छातीत कफ आहे. डॉक्टर म्हणतात, चार दिवस जागचं हलवायचं नाही, एकटं सोडायचं नाही. मी आक्काला येतेय म्हणून सांगितलं होतं. तिला काय सांगशील ते तू सांग, मला सुचत नाही.

ओळीचं ओझं घेऊ नको. येत नसेल तर खोक. त्याला खोकलासुद्धा कळतो.

मावशी


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ एप्रिल २०२५

ती. मावशीस,
सलाम.

वर्षाराणीकडून तुला कळलंच आहे. तरी मला स्वतः लिहायचं होतं.

गेल्या सोमवारी दुपारी आई शुद्धीवर होती. मला म्हणाली, साडेसातपर्यंत थांबू नको, आत्ताच प्रार्थना म्हण. मी म्हणायला लागले. त्या ओळीला खोकले. आईने बोट वर केलं, बालवाडीत करायची तसं. म्हणाली, अनू, ओळ गाळलीस. महिना झाला, रोज गाळतेस.

मी म्हटलं, तुला माहीत होतं?

ती म्हणाली, तू खोकलीस की तुझ्या वाटची मी मनात म्हणून घेत होते. प्रार्थना अर्धी राहू नये म्हणून.

मावशी, त्या खोलीत जिच्यासाठी मी ती ओळ गिळत होते, तीच माझ्या जागी ती म्हणत होती. दुखत असताना. रोज.

मग तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. तर हळूच म्हणाली, माझा पेपर लिहून झालाय गं. तू घंटा होऊ देत नाहीस. आता सुट्टी लागू दे की.

मी तिचा हात धरला आणि ती ओळ म्हटली. खोकले नाही, पुरी म्हटली. आईने मान हलवली, बरोबर आलं की हलवायची तशी. मंगळवारी सकाळी बायडाबाई वेणी घालायला आल्या, तेव्हा ती गेलेली होती. त्यांनी तरीही वेणी घातली.

तू येणार नाहीस हे मी तिला सांगितलंच नाही. खोटं बोलले नाही, फक्त गप्प राहिले. हे मनाला लागलंय. तुला सांगून ठेवते.

आता ती ओळ अडत नाही. पण पुढची अडते. ‘आमची रोजची भाकर’ म्हणताना ‘आमची’ या शब्दाशी थांबायला होतं. घरात मी एकटीच आहे, आमची म्हणजे कोणाची? खोकत नाही, नुसती थांबते. आई असती तर तिने म्हणून घेतलं असतं. म्हणून विचारते, साडेसातला माझ्या वाटचा तेवढा एक शब्द तू म्हणशील का?

तुझी,
अनू


चंदगड
१९ एप्रिल २०२५

चि. अनूस,
अनेक आशीर्वाद.

आक्का शाळेत माझ्या दोन वर्षं पुढं होती. सुट्टीलाही पुढंच गेली. मी येणार नाही हे तिला तू सांगायची गरज नव्हती. दाराकडे तोंड करून झोपली असली, तरी माझी आक्का अडाणी नव्हती.

यांचा ताप उतरलाय. वारं गेलं तशी यांची जीभही जड झाली; आठ वर्षांत यांना एवढी एकच प्रार्थना नीट म्हणता येते, आणि त्यातही ‘आमची’ हा शब्द सगळ्यात स्पष्ट येतो. काल साडेसातला आम्ही दोघांनी तो तुझ्या वाटचा म्हटला. आजही म्हणू.

तू तवा ठेव. एकच भाकरी कर, करपवू नको. आणि ‘रोजची भाकर’पासून पुढचं तू उचल.

तुझी,
झुंबरमावशी