रेघेपर्यंत पाणी

३ नोव्हेंबर, सोमवार

चौथं प्रकरण संपलं! अख्ख्या प्रबंधातलं सगळ्यात छळकुटं. समतोल म्हणजे नक्की काय — वस्तूचा गुण, की आपल्या बघण्याचा? आत अब्जावधी कण धावतायत आणि वरून बघणारे आपण खुशाल म्हणतो, "शांत आहे."

माझं उत्तर सरळ आहे. वस्तू एकटी सोडा. दिसण्यासारखं काही बदलेनासं झालं, की समतोल. पुरावा आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर — बाबांच्या मिठागराचं शेवटचं खारं पाणी, काचेच्या बरणीत, तळाशी मीठ. मिठागर रस्त्यात गेलं त्या वर्षी बाबांनी भरून आणलं. मी पातळीवर नेलपॉलिशची लाल रेघ मारली. सहा वर्षं झाली, पाणी रेघेवरच! फोटो प्रकरणाच्या पहिल्याच पानावर टाकलाय.

६ नोव्हेंबर

कॉलेज, घर, आईची जवळ्याची चटणी. मजेत आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुनीता मॅडमना प्रकरण दाखवलं. गाईड म्हणून कौतुक करतील असं वाटलं होतं. फोटोवर बोट ठेवून एवढंच — "एकटं सोडलं होतं, हे तुला कसं कळलं?" काय हा खवचटपणा! झाकण घट्ट आहे, म्हटलं. "घरी जाऊन बघ." बुधवारी समितीपुढे उभं राहायचंय, आणि आता हे. कळंबोलीला ट्रकांच्या मागे बस अडकली, तासभर मनातल्या मनात भांडले.

९ नोव्हेंबर

बघितलं. झाकण सैल! नुसतं फिरतंय. सहा उन्हाळ्यांत पाणी पार आटायला हवं होतं. मग रेघेवर कसं? माझं अख्खं प्रकरण या बरणीवर उभं आहे.

१० नोव्हेंबर

चहाच्या वेळी बाबांना विचारलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

"मी घालतंय ना पानी. दर उधानाला. साधाच — मीठ थोडाच उडतंय?"

"पण का?"

"तूच रेघ मारलीस ना? मिठागरान खुट्यावं रेघ असतं, तवर पानी ठेवाचा."

प्रकरण कोसळलं. कोसळू दे, नव्याने लिहीन. सहा वर्षं बाबा समजत होते, मी त्यांना काम दिलंय.