पाडलेल्या पोरीला उठवायचं कोणी

पुणे, २० जुलै २०२५

ती. स्व. दादाजींस,
जिनलचा सा. न. आणि जय जिनेंद्र.

पाकीट पाहून घाबरू नका, मी धडधाकट आहे. शिबिरात पाऊल ठेवल्याबरोबर सगळ्यांचे मोबाईल गोळा करून कपाटात बंद झाले. ते आता भारतीय संघाची निवड होऊन शिबिर संपल्यावरच सुटतील. म्हणून पत्र. घरी आपण अर्धी मारवाडी, अर्धी अहिराणी बोलतो, पण कागद पुढे आला की मला शाळेतली मराठीच सुचते. हसू नका.

इथे देशभरातून पोरी आल्यात आणि सगळ्या माझ्याहून आडव्या. रग्बीत मी पुढच्या आठ जणींत खेळते, त्यांना फॉरवर्ड म्हणतात. तुम्हाला दुकानाच्या भाषेत सांगायचं तर नाव होतं मागच्या चपळ पोरींचं आणि पोती उचलायची आम्ही. ढकलायचं, चेंडू घेऊन येणारीला कमरेत धरून खाली पाडायचं, आपणही पडायचं, उठायचं आणि पुढच्या झटापटीला धावायचं. आमच्या पाठीवर एक यंत्र बांधतात. कोण पडल्यावर किती लवकर उठून पुन्हा कामाला लागली, ते त्यात कळतं. प्रशिक्षक सीमा मॅडम त्याला वर्क रेट म्हणतात आणि फॉरवर्डचं सगळं नशीब त्यावरच. दादाजी, त्या यादीत मी शेवटून दुसरी आहे. अंगात ताकद आहे, धावतेही बरी, मग आकडा का येत नाही ते ना मला कळतं ना मॅडमना.

निवड झाली तर संघटना वर्षभराचा करार करते. त्याचा नमुना सोबत पाठवते, तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. निवड नाही झाली तर घरी परत, असं पप्पांनी माझ्याकडून वदवून घेतलंय, ते तुम्हाला माहीतच आहे. पप्पांनी दुकानाशेजारचा गाळा घेऊन ठेवलाय आणि ‘जिनल कलेक्शन’ची पाटीसुद्धा रंगवायला टाकली आहे. मला ड्रेस मटेरियल विकायचं नाही. हे मी त्यांना तीनदा सांगितलं, तुम्हाला एकदाच सांगते.

जेवणाची काळजी नको. स्वयंपाकाच्या रंजनाबाई माझ्यासाठी बटाटा न घालता भाजी काढतात आणि सूर्य मावळायच्या आत ताट देतात. आणि एक, दादीला पाडापाडीचं कळू देऊ नका. फॉरवर्ड म्हणजे पुढे पुढे चालणारी, असा तिचा समज आहे. तो तसाच राहू द्या.

तुमचा लोभ आहे म्हणूनच इथवर आले, तो असाच असू द्या.

तुमची,
जिनल


खांडबारा, २७ जुलै २०२५

चि. जिनलला,
उमेदमलचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शाळेतली मराठी बरी आहे, अक्षर मात्र कोंबडीच्या पायाचं आहे. तुझ्या पप्पाचंही तसंच होतं.

आधी करार. मी आयुष्यभर कागद वाचत आलो, पण खेळाडूचं वजन कमी झालं तर कारण विचारलं जाईल, असं कलम प्रथमच पाहिलं. आपल्या घराण्यात उपास केला नाही तर कारण विचारतात. दादी तुला यंदा पर्युषणात आठ उपास करायला लावणार होती. मी तिला एवढंच सांगितलं की सरकारी अडचण आहे. बाकी कागद स्वच्छ आहे, सही करायला हरकत नाही. आधी ती वेळ येऊ दे.

आता तुझा आकडा. नमनला बसवून त्याच्या मोबाईलवर तुझा गेल्या वर्षीचा सामना पाहिला. तुझ्या भावाला चेंडूपेक्षा तुझा चिखलाने भरलेला चेहरा बघण्यात जास्त रस होता. मी मात्र तुझ्याकडे नीट पाहिलं आणि मला रोग सापडला. तू एका पोरीला पाडतेस, सुरेख पाडतेस. मग काय करतेस? उठून तिच्यासमोर हात जोडतेस, काहीतरी पुटपुटतेस, तिला दंडाला धरून उभी करतेस आणि तिच्या पाठीवरची माती झटकतेस. तोवर चेंडू चिंचपाड्याला पोहोचलेला असतो. बाई गं, तू खेळायला गेली आहेस की पाहुण्यांना निरोप द्यायला?

ही दादीची शिकवण, मला ठाऊक आहे. तुझ्या पायाखाली मुंगी आली तरी ती तुला क्षमा मागायला लावायची. पण तुझा आजा किराणेवाला आहे, त्याचं ऐक. क्षमा किरकोळीत मागत बसू नकोस. ऑगस्टच्या शेवटी संवत्सरी येते. वर्षभर ज्याला ज्याला दुखावलं त्या सगळ्यांची त्या दिवशी ठोकात क्षमा मागायची, त्यासाठीच तो दिवस ठेवलाय. तोवर पाड आणि पळ.

तब्येतीला जप. घरात सगळे खुशाल. तुझ्या निवडीच्या काळजीने मला दोन वेळा जास्त चहा लागतो, तेवढं सोडलं तर कमी काही नाही.

तुझा,
दादाजी


पुणे, ५ ऑगस्ट २०२५

ती. स्व. दादाजींस,
सा. न. जय जिनेंद्र.

तुमचं औषध लागू पडलं. हात जोडायचे बंद केले आणि आठवडाभरात मी यादीच्या वरच्या निम्म्यात आले. मॅडमनी विचारलं की हा चमत्कार कसा झाला. मी सांगितलं, आमच्या आजोबांचं किराणा दुकान आहे. त्यांना काही कळलं नाही.

पहिल्या दिवशी फार जड गेलं. पोरगी मागे चिखलात पडलेली आणि मी पाठ फिरवून धावतेय. मग जिभेला वळण लागलं. क्षमा मी मनातल्या मनात धावता धावता मागते.

पण आता एक झालंय आणि ते तुम्हालाच सांगू शकते. माझ्या खोलीत अक्कलकुव्याची अलमास आहे. तिचे अब्बू वाहिदभाई लाकडी फर्निचर करतात. एवढ्या शिबिरात आपल्या जिल्ह्याच्या आम्ही दोघीच, म्हणून दिवे गेल्यावर अहिराणीत खुसुखुसू हसत बसतो. खेळतोही एकाच जागी आणि मॅडम म्हणाल्यात की त्या जागेवर आता एकच नाव बसेल. तिचा वर्क रेट सगळ्यांत वर. काल सरावात मी तिला पाडलं. नियमात पाडलं, कोणाची तक्रार नाही. उठले आणि धावले, मागे वळून पाहिलंही नाही. पाच मिनिटांनी शिट्टी झाली तेव्हा कळलं की तिचा घोटा मुरगळलाय आणि ती तिथेच बसून आहे. काल माझा आकडा सगळ्यांत जास्त आला, दादाजी. मला जेवण गेलं नाही.

घोट्याला पट्टी बांधली आहे. मोडलं काही नाही, दहा दिवसांत खेळेल म्हणतात. सतरा तारखेला शेवटचा निवड सामना आहे, आम्ही समोरासमोर आहोत. ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. मी विचारलं राग आलाय का, तर म्हणाली राग पाडल्याचा नाही. आणि घोट्याची पट्टी सोडून पुन्हा बांधायला लागली. संवत्सरीपर्यंत थांबू का हो? मला नाही वाटत थांबवेल.

आशीर्वाद असू द्यावा, यावेळी जरा जास्तच.

तुमची,
जिनल


खांडबारा, १२ ऑगस्ट २०२५

चि. जिनलला,
अनेक आशीर्वाद. घाईत लिहितोय.

घोटाळा झालाय. तुझी पत्रं मी दुकानामागच्या खोलीत वाचतो. कानाने कमी ऐकू येतं म्हणून मी मनात वाचतो असं मला वाटत होतं, पण मी मोठ्याने वाचतो. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. दादीला पहिल्या पत्रापासून सगळं ठाऊक आहे. पाडापाडी, आकडा, ठोक आणि किरकोळ, सगळं. इतके दिवस ती गप्प होती. अलमासच्या घोट्याचं ऐकलं आणि तिने स्वयंपाकघरातला गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे डब्यात गूळ-तुपाची सुखडी भरून ती निघाली. रेल्वेने नंदुरबार, तिथून एसटीने तळोद्यावरून अक्कलकुवा. वाहिदभाईंचं घर विचारत विचारत गाठलं आणि अलमासच्या आईपुढे, खातूनबाईंपुढे, हात जोडून उभी राहिली. म्हणाली, माझ्या नातीने तुमच्या मुलीला पाडलं आणि वळून पाहिलं नाही, आमच्या घराच्या वतीने क्षमा करा.

खातूनबाईंनी विचारलं, कोणता पाय?

अलमासने घरी काही कळवलंच नव्हतं. फोन बंद, पत्रात सगळं छान छान. दादी क्षमा मागायला गेली आणि त्या पोरीचं बिंग फोडून आली. वाहिदभाईंनी हातातला रंधा खाली ठेवला. खातूनबाईंनी तिथल्या तिथे पिशवी भरायला घेतली. पुण्याला जाते आणि पोरीला घेऊन येते, असल्या खेळाची गरज नाही, असं म्हणाल्या. दादीने फार समजावलं. ऐकेनात, तेव्हा म्हणाली की मग मीही येते. त्याआधी गाडीत जागा नाही, म्हणून सोळा तारखेच्या रात्रीच्या गाडीने दोघी निघताहेत.

जिनल, अलमास खेळली नाही तर ती जागा तुझी आहे. हे माझ्या मनात आलं, आणि तुझ्याही येईल, म्हणून आधीच लिहून टाकतो. असं नको व्हायला. तू अलमासला आजच सगळं सांग. ती चिडली तर चिडू दे.

तुझा,
दादाजी


पुणे, १९ ऑगस्ट २०२५

ती. स्व. दादाजींस,
सा. न. जय जिनेंद्र.

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी अलमासला सगळं सांगितलं. ती आधी डोक्याला हात लावून बसली. मग विचारलं, तुझी दादी इतक्या लांब फक्त माफी मागायला गेली? हो म्हटलं. तेव्हा मनातलं बाहेर पडलं. पाडणं हे आपलं कामच आहे, पण शिट्टीनंतरही तू लांबच उभी होतीस, त्याचं वाईट वाटलं, असं म्हणाली. मी खूप रडले. तिने मला तिच्या वाटणीचं केळं दिलं.

सतराला सकाळी दोघी थेट मैदानावर. खातूनचाची पिशवी घेऊन अलमासकडे निघाल्या होत्या, पण दादीने त्यांचा हात धरून बाकावर बसवलं. मला दुरून एवढंच दिसलं. नंतर कळलं की दादी त्यांना म्हणाली, एवढं भाडं घालून आलोय तर मध्यंतरापर्यंत बघू तरी. मध्यंतरापर्यंत अलमासने जे काही केलं ते बघून चाची पिशवीबद्दल बोलल्याच नाहीत. घोट्याला पट्टी, तरी जिथे झटापट तिथे ती. त्या पदर तोंडात धरून बसल्या होत्या.

शेवटाकडे चेंडू अलमासकडे आला आणि ती सरळ माझ्या अंगावर. धरलं, पाडलं. दोघी बाकासमोरच आपटलो. मी उठले आणि दादाजी, तिथेच थांबले. खाली अलमास, समोर तिची आई, शेजारी आपली दादी. हात आपोआप जोडले जायला लागले. आणि दादी, जी देरासरात देवाचं नावही पुटपुटतच घेते, ती उभी राहून ओरडली, “जिनल, तू पळ. तिले उठाडाले तिनी माय बठेल शे.”

मी पळाले. पुढच्या झटापटीत धाप लागलेली असताना मागून कोणीतरी आदळलं. अलमास होती. आईची वाट न बघता उठून आली होती. सामना संपल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींची माती झटकली, पुष्कळ वेळ झटकली. तिकडे बाकावर सुखडीचा डबा रिकामा झाला होता.

काल यादी लागली. त्या जागेवर अलमासचं नाव आहे. माझं नाही. मॅडमनी बोलावून सांगितलं की आकडा आता चांगला आहे, पण उशिरा सुधारला. जानेवारीच्या शिबिराला ये. करार अर्थातच नाही. अलमासने सही केली तेव्हा पेन मीच दिलं. मला तिच्यासाठी खरंच आनंद झाला आणि स्वतःसाठी खरंच वाईट वाटतंय. दोन्ही एकदम होतं, हे मला माहीत नव्हतं.

चोवीसला शिबिर मोडतं. जानेवारी लांब आहे आणि पाटी रंगून आली असेल. पप्पांना सांगा, मी बोलल्याप्रमाणे घरी येते. सामान बांधायला घेतलंय.

लोभ होता तसाच ठेवा, निवड झाली नाही तरी.

तुमची,
जिनल


खांडबारा, २१ ऑगस्ट २०२५

चि. जिनलला,
दादीचे आशीर्वाद. 

हे पत्र मी लिहितेय. तुझे दादाजी शेजारी बसून शब्द सुचवताहेत, त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही. नमन हे जलद टपालाने टाकेल म्हणजे तू निघायच्या आत मिळेल.

तुझं पत्रही जलद टपालानेच काल आलं. तुझ्या पप्पाने वाचलं आणि म्हणाला, ठरल्याप्रमाणे आता गाळा सुरू करू. मी विचारलं, कोणामध्ये ठरलं होतं? तो म्हणाला, माझ्यात आणि जिनलमध्ये. मी म्हटलं, पोरगी तुझ्या पुढ्यात रडकुंडीला येऊन हो म्हणाली, त्याला ठरणं म्हणत नाहीत. तो म्हणाला, बाई, तुला खेळातलं काय कळतं. खरं आहे, मला चेंडू कुठे जातो तेही कळलं नाही. मी चेंडूकडे बघितलंच नाही, तुझ्याकडे बघत होते.

तू पडलीस की माझा हात तोंडावर जायचा. तो खाली यायच्या आत तू दुसरीकडे धावत असायचीस. सगळा वेळ हेच चाललं होतं. इतकी वर्षं मला वाटायचं, आपली पोरगी मऊ आहे, तिला जगात जपून ठेवावं लागेल. तुझ्या पप्पालाही तेच वाटतं, म्हणून तो गाळा. त्याला मी सांगितलं, मी जे डोळ्यांनी पाहून आले त्याला पाटीखाली बसवणार असशील तर तिथे मी बसते, मला माप घेता येतं. तो उठून दुकानात गेला. रात्री ताटावर बसल्यावर म्हणाला, जानेवारीपर्यंत सरावाला कुठे राहील? म्हणजे मानला. खोलीचं बोलणं मी तुझ्या सीमा मॅडमशी मैदानावरच करून ठेवलं होतं, हे त्याला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस. रंजनाबाईंनाही विचारून आलेय, तुझं ताट चालू राहील.

संघटनेने वाहिदभाईंना फोन करून कळवलं, त्यांच्याकडून खातूनला बातमी कळली. तिचा फोन आला होता. आधी अलमाससाठी रडली, मग तुझ्यासाठी रडली. तिला म्हटलं, दोघींसाठी वेगवेगळं रडायला आपल्याकडे वेळ आहे का?

माझे आठ उपास चालू आहेत. अठ्ठावीसला पारणं आहे. त्या दिवशी तू समोर असलीस तर मला पहिला घास गोड लागेल. म्हणून जेवायला ये. राहायला येऊ नकोस. तुझं परतीचं तिकीट तुझ्या पप्पाने स्वतः काढलं आहे.

पोरी, प्रेम आहे ते कमी-जास्त करायला आता वय नाही, आहे तेवढं घे.

तुझी,
लाडकंवर