दोन नंबरचं सिलिंडर

३ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी थरथरतेय! काल चांगली पळत होती, आज हुडहुडी भरल्यासारखी. समोर पिवळा दिवा लागलाय, इंजिनाच्या चित्राचा. लेक म्हणाला, "आई, म्हातारी झाली ती. काढून टाक." म्हातारी कोण, ते मला बरोबर कळलं! चौथी शिकलेय, पण एवढं कळतं.

बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले मी. शिकवणारा म्हणायचा, "काकू, ब्रेकवरचा पाय काढा, नाहीतर पुढच्या वर्षी पोचू." हे गेल्यावर दवाखाना, बाजार, बहिणीचं घर — सगळीकडे माझी मी. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

५ नोव्हेंबर

लेकाचा दोस्त आला, मिस्त्री. यंत्र लावून कोड वाचला — पी शून्य तीन शून्य दोन. म्हणजे चारातलं दोन नंबरचं सिलिंडर पेटत नाही. बॉनेट उघडून बघितलं न बघितलं आणि म्हणतो कसा, "मावशी, इंजिन बसलं. भंगारात द्या." तुलाच देते मेल्या! चहा पिऊन झाला होता त्याचा, नाहीतर कप ओढून घेतला असता.

६ नोव्हेंबर

राग उतरत नाही. भाजी करपली. लेक म्हणे, "बघ, लक्ष नसतं तुझं."

८ नोव्हेंबर, रविवार

ठकी आली! माझ्या लेकीची लेक, गॅरेजात कामाला आहे. म्हणाली, "आजी, कोड म्हणजे नुसती तक्रार. कोण रडतंय ते सांगतो, कुणी मारलं ते नाही."

प्रत्येक सिलिंडरला ठिणगी देणारी एकेक कॉइल असते म्हणे. तिने दोनची तीनला लावली, तीनची दोनला. "कॉइल बिघडली असेल तर आता तीन नंबर रडेल." कोड पुसला, गाडी चालू केली, परत वाचला — दोनच! मग प्लग बदलून बघितले — तरी दोनच! मी तर टाळ्या वाजवायला लागले. काय पोर आहे! हाताला काळं, कपाळाला काळं, वर शीळ घालतेय. माझ्या आईने मला शीळ घातली म्हणून बदडलं होतं, ते आठवलं.

मग वायर चाचपत गेली. दोन नंबरच्या वायरीला नवीकोरी टेप. सोडली तर आत वायर तुटलेली.

"उंदीर गं?" मी.

"उंदराला पक्कड धरता येते का, आजी? आणि वर टेप कोण लावतो?"

वायर जोडली. गाडी लोण्यासारखी चालू! पण ठकी हसेना. "दुसरी किल्ली मामाकडेच असते ना?"

माझे कान तापले.

९ नोव्हेंबर

लेकाशी बोलले नाही. बोलणारही नाही! माझ्या पोटचा पोरगा, आणि चोरासारखा माझ्या गाडीत हात घालतो! तो मिस्त्रीही सामीलच. सून म्हणते, "आई, त्यांचं ऐकून तरी घ्या." काय ऐकायचं? तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून वायर कापली! उद्या त्याच्या खिडकीखालून तीन फेऱ्या मारणार. हॉर्न वाजवत!

१० नोव्हेंबर

वाजवला. दुसऱ्याच फेरीला धावत आला, एका पायात चप्पल. गाडीपुढेच उभा राहिला.

"आई, दोन तारखेला शाळेपुढच्या सिग्नलला मी तुझ्या मागे होतो. लाल होता. तू थांबली नाहीस. एका बाईने पोराला घेऊन मागे उडी मारली म्हणून दोघं वाचली."

"खोटं!" मी ओरडले.

"सांगितलं असतं तर हेच म्हणाली असतीस ना?"



११ नोव्हेंबर

आठवून आठवून बघतेय. बाई आठवत नाही. पोर आठवत नाही. तिथे सिग्नल असल्याचंही आठवेना. आज चालत जाऊन बघून आले. आहे.