डिकीतला रेडिएटर

५ फेब्रुवारी २००६, रविवार. सकाळी सात.
निश्चय झाला. सासरेबुवांच्या एस्टीमला टर्बो लावणार.

सासरेबुवा म्हणजे सदाशिवराव, कळंबला असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोन महिने ड्रायव्हिंग बंद, म्हणून गाडी माझ्याकडे सांभाळायला दिली आहे. पाडव्याला न्यायला येणार. पाडवा ३० मार्चला. २६ मार्चला यवतमाळच्या बायपासवर चारशे मीटरची रेस. रेस जिंकायची आणि गाडी होती तशी परत द्यायची. मध्ये तीन दिवस उरतात. एवढ्या वेळाचं काय करायचं ते नंतर बघू.

दारव्ह्याच्या आयटीआयमध्ये एकवीस वर्षं मोटर मेकॅनिक शिकवतो. फळ्यावर रेडिएटर डोळे मिटून काढतो. स्वतःच्या हातानं एकही गाडी तयार केलेली नाही, ही गोष्ट फक्त मला आणि सगळ्या दारव्ह्याला माहीत आहे. ती आता बदलेल.

सौ.ला सांगितलं, बाबांच्या गाडीचं सर्व्हिसिंग करून घेतो.

९ फेब्रुवारी.
जमीरकडे गेलो. बसस्टँडमागे त्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझाच विद्यार्थी. नापास. भंगारातून एका डिझेल जीपचा टर्बो आणून ठेवलाय त्यानं.

अडचण एकच. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो. ती हवा थंड करायला गाडीच्या समोर एक जाळी लागते. समोरची जागा रेडिएटरनं अडवलेली. मी पाच मिनिटांत निर्णय दिला: रेडिएटर डिकीत.

जमीर म्हणाला, "सर, हवा समोरून येते. मांगं कोण आणून देईन?"

त्याला समजावलं की परदेशात रेसच्या गाड्यांचे रेडिएटर मागेही असतात. त्यानं विचारलं, तिकडे ऊन आपल्यासारखं असतं का. नापास का झाला ते कळलं.

१९ फेब्रुवारी.
रेडिएटर डिकीत बसला. पाइप गाडीच्या पोटाखालून नेले. हवेसाठी डिकीच्या तळाला भोक पाडलं, साधारण टोपल्याएवढं. पाडव्याआधी बुजवायचं आहे (विसरू नये).

मागे हवा कुठून येणार, हा जमीरचा प्रश्नही निकालात काढला. घरचा कूलर! फेब्रुवारीत त्याला कोण विचारतो? पंखा, पंप, खसच्या ताट्या, सगळं डिकीत. रेडिएटरवर सतत गार पाणी आणि वारा. पंख्याला घरची वीज लागते म्हणून मागच्या सीटवर इन्व्हर्टर. हे परदेशातसुद्धा कुणाला सुचलेलं नाही. कूलर हा मुळात विदर्भाचा विषय.

सौ.नं विचारलं, खिडकी रिकामी का. म्हटलं, कूलरचंही सर्व्हिसिंग.

५ मार्च.
ट्रायल. डिकीत चाळीस लिटर पाणी, मागे इन्व्हर्टर. त्यामुळे गाडीचं तोंड थोडं वर झालं आहे. दिसायला रुबाबदार. पण एस्टीमची ताकद पुढच्या चाकांवर. ॲक्सिलरेटर दाबला की चाकं जागच्या जागी फिरतात, धूर होतो आणि गाडी आहे तिथंच. उपाय: शेजारच्या सीटवर सरकीचं पोतं, वजनासाठी. जमीरचं मत विचारलं नव्हतं. त्यानं दिलं.

तिसऱ्या वेळी दिग्रस रोडवर गाडी सुटली. टर्बोची शिट्टी वाजली आणि पाठ सीटला चिकटली. मी ओरडलो. बेचाळीस वर्षांचा माणूस, गाडीत सरकीच्या पोत्याशिवाय कुणी नाही, आणि मी ओरडतोय. इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

अकरा सेकंद. बाराव्याला टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेला. काटा जुना आहे.

११ मार्च.
दुपारी पारा एकोणचाळीस. सौ.नं कूलर मागितला. म्हटलं, पार्ट यायचा आहे. ती सरळ गाडीपाशी गेली, डिकी उघडली, बराच वेळ बघितलं आणि बंद केली.

"बाबाले पाडव्याले काय सांगसान?"

म्हटलं, कप दाखवीन. तिनं जेवायला वाढलं, पण पोळी गार होती.

२६ मार्च. सकाळी सात.
निघतो. रेस दहाला. यवतमाळ चाळीसेक किलोमीटर. जमीर म्हणाला, ट्रकवर घालून न्या. मी म्हटलं, रेसची गाडी ट्रकवर जात नसते.

तोच दिवस. नऊ चाळीस.
कापूस खरेदी केंद्रासमोर उभा आहे. कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची लाईन अर्धा किलोमीटर. वाऱ्यानं कापूस उडतो आहे. कूलरच्या पंख्यानं खालच्या भोकातून तो सगळा आत ओढला. खस ओली, रेडिएटर ओला. त्यावर कापूस असा बसला की गादी भरल्यासारखा. मग वाफ मागच्या सीटमधून आत आली आणि चष्म्यातून काही दिसेना.

लाईनमधले एक जण पाण्याची कॅन घेऊन आले. नाव उकंडा. चार दिवसांपासून कापूस घेऊन थांबलेत. बॉनेट उघडून त्यांनी विचारलं, रेडिएटर कुठी आहे. मी डिकी दाखवली. त्यांनी आत हात घालून मूठभर कापूस काढला, चिमटीत धरून धागा ओढून बघितला.

"माल चांगला आहे," म्हणाले. "पण ओला झाला. ओला घेत नाईत."

मग सगळ्यांच्या पिण्याचं पाणी माझ्या रेडिएटरमध्ये ओतलं. मला लाज वाटली. इथं लिहायला हरकत नाही, खूप वाटली. तेवढ्यात लाईन दोन बंड्या पुढे सरकली. मी तिथंच.

दहा वाजले. रेस सुरू झाली असेल.

२८ मार्च.
गाडी परवाच ट्रकवर घालून आणली. जमीरनं टर्बो उतरवला, रेडिएटर समोर बसवला. अर्धा दिवस. एक शब्द बोलला नाही. मी असतो तर बोललो असतो.

डिकीतल्या भोकावर प्लायवूड, वर मॅट. एकदम पक्कं काम. हे मात्र मी स्वतः केलं.

३० मार्च, पाडवा.
सासरेबुवा आले. आता लांबचंही स्पष्ट दिसतं म्हणाले. सौ.नं माहेरी द्यायला मोठं टरबूज आणलं होतं. सासरेबुवांनी ते डिकीत ठेवलं. ते प्लायवूडसकट रस्त्यावर गेलं.

सासरेबुवा वाकले आणि भोकातून रस्ता बघत राहिले.

"जवाईबापू, हे कायले?"

"हवेसाठी."

"हवा इथून येते?"

सौ. दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही. समोरून येते."

त्यांनी टरबुजाचा मोठा तुकडा उचलून पुढच्या सीटवर ठेवला आणि कळंबला गेले. हॉर्नही वाजवला नाही.

१० एप्रिल.
चाचणीचा पेपर काढला. प्रश्न पहिला, दरवर्षीचाच: रेडिएटर गाडीच्या समोर का बसवतात? दोन गुण. माझं आदर्श उत्तर दोन पानांचं होतं, आकृतीसह. यंदा एका ओळीत लिहिलं. ओळ जमीरची आहे.

कूलर खिडकीत परत. सुरू केला की थोडा कापूस उडतो. सौ. तो केसांतून काढते. आज जेवताना तिनं विचारलं, गाडी कधी पळाली तरी का. म्हटलं, अकरा सेकंद.

"तेवढ्यात फुलका बी होत नाई," ती म्हणाली, आणि तव्यावरचा गरम फुलका माझ्या ताटात टाकला.