बाहीवरची नक्षी

आत्या,

हे पत्र मी टाकणार नाही. तू ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घेशील आणि गावभर बोभाटा होईल.

देशाच्या संघाची नवी जर्सी आमच्याच कारखान्यात शिवली. साहेबांना बाहीवर आदिवासी नक्षी हवी होती. मी डोंगरातला, म्हणून मला बोलावलं. तू शिकवलेल्या लग्नाच्या, पेरणीच्या सगळ्या नक्ष्या मी काढून दाखवल्या. साहेब म्हणायचे, "फिकी वाटते. काहीतरी दमदार दे."

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. तू फक्त मयताच्या चादरीवर काढतेस, ती नक्षी मी काढली. साहेब खुर्चीतून उठलेच.

"हिचा अर्थ काय?"

"शौर्य," मी म्हणालो. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि खरं सांगायचं राहूनच गेलं.

आपली धाकटी बहीण त्याच संघात निवडली जाईल हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? काल तिचा फोन आला. लहानपणीच शहरात आलेली पोर, तिला काय कळणार, असं मी धरून चाललो होतो. ती हळूच म्हणाली, "दादा, ही आईच्या अंगावर होती ना?"

"बाकीच्या पोरींना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"पोरींना मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "सगळ्या आरशासमोर फोटो काढतायत."

आज तिचा सामना आहे. मी टीव्ही लावलेला नाही. मघाशी शेजारीण तिच्या तान्ह्या बाळाला घेऊन दारात आली. बाळाला बाजारात आलेलं त्याच नक्षीचं झबलं घातलं होतं. "बघा, तुमची कला!" म्हणाली.

मी म्हणालो, "छान दिसतंय."

तुझाच,
भाचा